किंचाळणारे ब्रेक आणि इगतपुरीचा उतार

नाशिकहून कसाऱ्यामार्गे मुंबईकडे निघालेली प्रत्येक गाडी इगतपुरी सोडताना सुमारे सहाशे मीटर उंचीवर असते आणि कसाऱ्याला पोचते तेव्हा साधारण तीनशे मीटर खाली आलेली असते. रेल्वेने हा उतार १८६५ मध्ये सदतीसला एक अशा चढाने बांधून काढला. आजही वर जाणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जोर द्यायला बँकर इंजिनं लागतात. मोटारीला चढताना तेवढा त्रास होत नाही, म्हणून उतरताना काय घडतं याकडेही आपलं लक्ष जात नाही. पण हिशेब सोपा आहे. १८०० किलो वजनाची गाडी ताशी १२० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवली, तर ब्रेकना सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. तेवढ्या उष्णतेत तीन लिटर पाणी उकळीला येतं. तीच गाडी तीनशे मीटर खाली उतरवली, तर मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ५३ लाख ज्यूल भरते, म्हणजे १२० वरून सलग पाच वेळा करकचून थांबण्याहूनही जास्त. यातला काही वाटा हवा, टायर आणि गिअरमध्ये धरलेलं इंजिन उचलतं. उरलेलं सगळं डिस्क आणि पॅड यांच्यामधल्या तळहाताएवढ्या जागेत उष्णता होऊन बाहेर पडतं. दमदार गाडीचे ब्रेक सिग्नलला चीं करून किंचाळतात, ही तक्रार नाशिकमध्ये ऐकताना हा उतार डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. तो आवाज बहुतेक वेळा बिघाड नसतो. उष्णता सोसण्याच्या ताकदीसाठी मोजलेली ती किंमत असते. आवाज घालवायचा जरूर, पण ती ताकद विकून नव्हे.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला घट्ट भिडतो, पण तो डिस्कवरून एकसारखा सरकत नाही. क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं. नुसत्या त्या चिकटण्या-सुटण्याने कानठळ्या बसत नाहीत. डिस्क, पॅड आणि कॅलिपर यांना प्रत्येकी कंप पावण्याच्या आपापल्या ठरावीक लयी असतात. त्यांतल्या दोन लयी जवळ आल्या आणि घर्षणाने त्यांना जोडलं, की चाकाच्या फिरण्यातली ऊर्जा त्या कंपाला मिळत जाते आणि कंप विरण्याऐवजी वाढत राहतो. डिस्क काही मायक्रोमीटर एवढीच थरथरते, पण तिचा सपाट, रुंद पृष्ठभाग आजूबाजूची हवा हलवायला पुरेसा असतो. किंचाळण्याचा हा आवाज साधारण १ ते १६ किलोहर्ट्झ या पट्ट्यात येतो, आणि माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे कंप अगदी बारीक असला तरी आवाज रस्ताभर ऐकू जातो. आवाज किती मोठा आहे यावरून बिघाड किती मोठा आहे हे ठरवता येत नाही, ते यासाठीच.

हा त्रास डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा पॅडच्या जागी तांबं होतं. धातूवर धातू घासल्यावर जे व्हायचं ते झालं आणि ही कल्पना अनेक दशकं मागे पडली. १९५३ मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, तेव्हा डिस्कचं महत्त्व जगाला पटलं. तोवर पॅडचं रसायन पुष्कळ सुधारलं होतं, पण मूळ ओढाताण तशीच राहिली. पॅड मऊ आणि कंप शोषणारा केला, तर तो शांत राहतो, पण तापला की पकड सोडतो. त्यात पोलादाचे तंतू आणि टणक कण घातले, तर तो तापूनही धरून ठेवतो, पेडलला चावा येतो, पण थंड असताना गुरगुरतो, किंचाळतो आणि चाकांवर काळी भुकटी सोडतो. वेगमर्यादा नसलेल्या ऑटोबानवर २०० वरून खाली येणारी गाडी डोळ्यांपुढे ठेवून जर्मन कंपन्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसरा मार्ग धरला. जपान आणि अमेरिकेतल्या रोजच्या गाड्यांनी शांतता आणि कमी भुकटी यांना जास्त भाव दिला. दोघांनीही आपापल्या रस्त्यांचा विचार केला होता. आपल्याला विचार करायचा आहे तो आपल्या रस्त्याचा.

दमदार गाडीत आवाज वाढवणाऱ्या आणखी दोन-तीन गोष्टी असतात. चार किंवा सहा पिस्टनचा घट्ट बसवलेला कॅलिपर ताठ असतो, त्यात कंप जिरवायला रबर आणि मोकळीक कमी. डिस्क मोठी, म्हणजे हवा हलवणारा पृष्ठभागही मोठा. काही वेळा तिला भोकं पाडलेली किंवा खाचा मारलेल्या असतात. त्यांनी पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा राहतो, पण घर्रर्र असा आवाजही येतो. कार्बन-सिरॅमिक डिस्कची तऱ्हा आणखी वेगळी. साध्या डिस्कच्या बिडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात आणि ते कंप चांगला गिळतात, तो गुण तिथे मिळत नाही. म्हणून अनेक युरोपीय स्पोर्ट्स कारच्या मालकपुस्तिकेत वेग, दाब आणि हवामानानुसार ब्रेक आवाज करू शकतात, असं स्पष्ट छापलेलं असतं. गाडी विकतानाच हे ग्राहकाला तोंडी सांगितलं, तर पुढचा निम्मा मनस्ताप टळेल.

नाशिकच्या हवेचाही यात हात आहे. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यातल्या नीचांकांत असतो आणि नाशिक शहरातही पहाटे चांगलाच गारठा असतो. थंड पॅड टणक असतो, त्याची पकड कमी-जास्त होत राहते आणि सकाळी सोसायटीच्या फाटकातून हळूहळू बाहेर पडताना पहिले चार-सहा ब्रेक किंचाळतात. पावसाळ्यात कारण वेगळं. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, इगतपुरीत ३००० हून जास्त. ओल्या हवेत रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंजाचा पातळ थर दिसतो. चाकं धुतल्यावर तासाभरातही तो येतो. ब्रेक काही वेळा लावले की तो खरवडला जातो आणि आवाजही जातो. हळू वेग, हलका दाब आणि दमट सकाळ ही ब्रेकच्या आवाजाची सर्वांत आवडती वेळ, हे गाड्या बनवणाऱ्यांनाही चांगलं ठाऊक आहे. म्हणून ते आपले ब्रेक लॉस एंजलिसच्या गर्दीत आणि स्पेनमधल्या मोहाकार भागातल्या रस्त्यांवर चालवून पाहतात. प्रयोगशाळेतल्या आवाजाच्या चाचणीत ब्रेक वेगवेगळ्या तापमानांना आणि दाबांना हजाराहून अधिक वेळा लावला जातो. इतकं करूनही एखादा कोपरा निसटतोच, कारण पॅड झिजतो तसा त्याचा आकार बदलतो आणि आकाराबरोबर कंपही बदलतात.

आता खरा प्रश्न. आवाजाला कंटाळलेला मालक गॅरेजमध्ये जातो आणि त्याला सर्वांत सोपा उपाय सुचवला जातो: साधे, मऊ पॅड टाका, आवाज लगेच बंद. बंद होतोही. पण उतारावर काय होईल ते बघा. १२० वरून एकदा थांबताना सुमारे सत्तर टक्के भार पुढच्या ब्रेकवर येतो असं धरलं आणि पुढच्या दोन डिस्क मिळून वीस किलोच्या मानल्या, तर एका थांब्यात त्यांचं तापमान सत्तर-पंचाहत्तर अंशांनी चढतं. संपूर्ण घाट गिअर न वापरता, नुसत्या ब्रेकवर उतरवला आणि वाऱ्याने काहीच थंडावा दिला नाही असं मानलं, तर हीच वाढ पावणेचारशे अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात वारा आणि इंजिन मदत करतात, आकडा खाली येतो. पण पाठीमागे चार माणसं, डिकीत सामान, पुढे रांगणारा कंटेनर आणि सारखा दाबलेला ब्रेक असला की तो बराच वरही जातो. मऊ पॅडची पकड या पट्ट्यात घसरू लागते, त्यातला चिकट पदार्थ जळून त्याचा वायू होतो, पेडल टणकच लागतं आणि गाडी मात्र थांबायला जास्त जागा घेते. सिग्नलवरची शांतता आपण घाटाकडून उसनी घेतलेली असते.

यातली सर्वांत गंभीर बाब अशी, की ब्रेकचे जीवघेणे बिघाड बहुधा मुके असतात. तापून पकड गेलेला पॅड किंचाळत नाही. उकळलेलं ब्रेक ऑइलही काही बोलत नाही. ब्रेक ऑइल म्हणजे खनिज तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचं द्रव असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं प्रमाण आहे. ओल धरलेल्या ऑइलसाठी तेच प्रमाण १५५ अंशांवर येतं. इगतपुरीच्या दोन-तीन पावसाळ्यांची हवा खाल्लेलं ऑइल कॅलिपरमध्ये उकळलं, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल मऊ होऊन तळाला जातं आणि गाडी पुढेच जात राहते. कसारा घाटात किंवा चांदवडच्या राहुड घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकच्या बातम्या नाशिककरांना नव्या नाहीत. ट्रकचे ब्रेक वेगळ्या जातीचे असतात, पण उष्णतेचा नियम सगळ्यांना एकच. आवाजासाठी दहा चकरा मारणाऱ्या मालकाला ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे सांगता येत नसेल, तर त्याची काळजी चुकीच्या जागी आहे. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा उपाय आवाजापुढे फार लहान वाटतो, पण जीव त्यावर अवलंबून असतो.

यावर कोणी म्हणेल, की आवाज म्हणजे बिघाड नव्हे असं लोकांना शिकवणं धोक्याचं आहे, कारण काही आवाज खरोखर इशारा असतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून फरक नीट सांगितला पाहिजे. अनेक पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी लावलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि बारीक, सततची चीं सुरू होते. ती बऱ्याचदा ब्रेक न दाबताही ऐकू येते आणि दाबल्यावर कधी बदलते, कधी थांबते. महागड्या गाड्यांत तिच्या जागी वायरचा सेन्सर असतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. घासल्यासारखी खरखर आली आणि पेडलखाली ती पायाला जाणवली, तर पॅड संपून मागची लोखंडी पाटी डिस्कवर घासत असण्याची शक्यता आहे. तेव्हा गाडी चालवूच नये. गाडी एका बाजूला ओढत असेल, एकच चाक जास्त तापत असेल, पेडल थरथरत असेल, तर हे तिन्ही आवाजापेक्षा मोठे इशारे आहेत. याउलट थंड सकाळी, कमी वेगात, हलक्या दाबाला येणारी आणि गाडी तापली की नाहीशी होणारी किंचाळी, पॅड जाड असताना आणि ब्रेक सरळ लागत असताना, धोक्याची खूण सहसा नसते. हा निवाडा कानाने करायचा नाही, चाक काढून, पॅडची जाडी मोजून करायचा.

मोजण्याच्या बाबतीत नाशिकचं नशीब चांगलं आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी मायक्रोमीटर आणि डायल गेज रोज हाताळणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या घडवली आहेत. डिझेल इंजेक्शनचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशेबात बनवणाऱ्या शहरात ब्रेकचं निदान मात्र अंदाजाने व्हावं, हे पटत नाही. डिस्कच्या काठावर किंवा मधल्या भागावर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती मायक्रोमीटरने ताडून पाहा. डिस्क हबवर बसवून डायल गेजने तिचं डोलणं बघा. ते मिलिमीटरच्या काही शतांश भागांतच असायला हवं. पेडल थरथरलं की ‘डिस्क वाकली’ असं सर्रास सांगितलं जातं. पुष्कळदा डिस्क वाकलेली नसतेच. तिच्यावर पॅडचा माल काही ठिकाणी जास्त बसलेला असतो, किंवा हबवरचा गंज न घासता ती तशीच कसलेली असते. लेथवर डिस्क फिरवून घेण्याआधी हे दोन्ही तपासलं, तर चांगली डिस्क पातळ होण्यापासून वाचेल.

दुरुस्तीचं काम बरंचसं साफसफाईचंच असतं. पॅडच्या पाठीमागे शिम असते. रबर आणि धातू यांचे थर एकत्र दाबून केलेली ही पातळ चकती कंप जिरवते. पॅड बदलताना ती हरवते, किंवा जुनी, सुटलेलीच पुन्हा लावली जाते, आणि मग नव्या पॅडना उगाच दोष लागतो. सरकत्या कॅलिपरच्या पिना गंजल्या तर पॅड तिरका लागतो, एका टोकाला झिजतो आणि किंचाळतो. या पिना आणि पॅडचे कान साफ करून त्यांना ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावायचं. साधं ग्रीस लावलं तर रबराचे बूट फुगतात. पॅडच्या पुढच्या आणि मागच्या कडा तिरक्या मारल्या तर डिस्कशी पहिला स्पर्श मृदू होतो. आपले मेकॅनिक हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत आणि त्यामागे खरं शास्त्र आहे. फक्त ते दोन्ही बाजूंना सारखं व्हावं. डिस्कवर किंवा पॅडच्या तोंडावर तेल, ग्रीस किंवा गंजावर मारायचा स्प्रे मात्र कधीही नको. आवाज तात्काळ बंद होईल, आणि ब्रेकही.

नवे पॅड बसवल्यावर एक पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पॅड आणि डिस्क यांची ओळख करून द्यावी लागते. तापलेल्या पॅडचा अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला, तरच पकड आणि शांतता दोन्ही मिळतात. त्यासाठी मोकळ्या, सरळ, मागे वाहन नसलेल्या रस्त्यावर साधारण ८० वरून २० पर्यंत, न थांबता, मध्यम दाबाने वेग कमी करायचा. मध्ये थोडी धाव देऊन हे आठ-दहा वेळा करायचं, आणि मग ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी वारा खात पळवायची. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत छापली असेल तर तीच खरी मानायची. हे काम समृद्धी महामार्गावर करू नये, तिथे मागून येणारा १२० ने येत असतो. घाटाच्या उतारावर तर नाहीच. अशी ओळख न करून दिलेले पॅड थेट गर्दीत गेले, हलक्या दाबावर महिनोन्‌महिने चालले, तर त्यांना आरशासारखी चकाकी येते आणि किंचाळी कायमची मुक्कामाला येते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. उष्णतेची ताकदच हवी, तर सरळ शर्यतीचे पॅड का लावू नयेत? नाशिकच्या परिसराने राष्ट्रीय रॅली स्पर्धेची रॅली ऑफ महाराष्ट्र पाहिली आहे आणि वेगाची हौस इथे खरी आहे. पण शर्यतीचा पॅड तापल्यावरच जागा होतो. तो थंड असताना आवाज जास्त करतो आणि पकड कमी देतो, डिस्कही लवकर खातो. सकाळी द्वारका चौकात मूल रस्त्यात आलं, तर थंड शर्यतीचा पॅड हा वाईट सोबती आहे. म्हणून योग्य निवड मधली: गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी ठरवलेला पॅड, किंवा त्याच ताकदीचा रस्त्यासाठी बनवलेला पॅड, नव्या शिमसकट. त्याने थोडा आवाज केला, तर तो सोसायला हरकत नाही. शेजाऱ्यांना पहाटे त्रास होतो हे खरं आहे, आणि तो कमी करायला साफसफाई आणि नीट बसवणी बहुतेक वेळा पुरते.

तिसरा आक्षेप नवा आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी कसारा घाट टाळून जाते, मग घाटाची एवढी धास्ती कशाला? उंची मात्र बोगद्यालाही टाळता येत नाही. मुंबईकडे जाताना तेवढंच खाली यावं लागतं, फक्त वळणं कमी आणि वेग जास्त. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६० च्या जागी १२० वरून थांबायला चौपट उष्णता जिरवावी लागते. शिवाय सप्तशृंगी गड, त्र्यंबकहून जव्हारकडे उतरणारा रस्ता आणि जुना महामार्ग हे कुठे गेलेले नाहीत. इलेक्ट्रिक गाड्यांनी हा प्रश्न उलटा करून ठेवला आहे. त्यांची मोटरच वेग कमी करते, डिस्क दिवसेंदिवस वापरात येत नाही, गंजते आणि क्वचित लागल्यावर किंचाळते. वजन मात्र त्यांचं जास्त, आणि बॅटरी भरलेली असेल तर घाटाच्या माथ्यावरच मोटरची ही मदत कमी पडते. अशा गाडीच्या मालकाने आठवड्यातून एकदा, रस्ता मोकळा असताना, पॅड चांगले दाबून डिस्क घासून घ्यावी, आणि इगतपुरीहून उतरायचं असेल त्या दिवशी बॅटरी शंभर टक्के भरू नये.